तुमच्या वाचनालयाची इमारत कशी होती? आठवणी लिहा

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांतले, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली निघालं. या सनावळ्या छापील मिळतात. पण कुठल्या वाचनालयाचा जिना कुठून वर जायचा, देवघेवीची खिडकी कुठल्या अंगाला होती, बांधकाम चालू असताना पुस्तकं कुणाच्या घरी ठेवली होती, हे फार कमी ठिकाणी सापडतं. अहवालात अध्यक्षांचे फोटो येतात, खोल्या येत नाहीत. म्हणून ठाणे, कळवा, नवी मुंबई, कुठलंही वाचनालय असो, जागेबद्दल लिहा. नाव नाही घातलंत तरी चालेल.

माझी आठवण नौपाड्यातली. बाबा ऑफिसातून आले की आम्ही पुस्तक बदलायला निघायचो. लाकडी जिना, पाचवी पायरी हमखास वाजायची. वर कार्डांचे खण होते. मुलांनी हात लावायचा नाही असा नियम, पण बाई पाठ वळवायच्या ती मुद्दामच, असं आता वाटतं.

कोपरीहून

मी एका वाचनालयात बावीस वर्षं देवघेवीला होते. २६ जुलै २००५ ला तळमजल्यात पाणी शिरलं. खालचे दोन कप्पे बुडाले. भिजलेली पुस्तकं फुगतात आणि कप्प्यात अशी आवळून बसतात की ओढली तर पुठ्ठा हातात येतो. आम्ही आधी कपाटांच्या बाजूच्या फळ्या काढल्या, मग पुस्तकं. गुळगुळीत कागदाची सगळी गेली, पानं चिकटून विटा झाल्या. साध्या कागदाची बरीच वाचली. दर दहा-पंधरा पानांत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि पंखा. उन्हात ठेवू दिली नाहीत, उन्हाने पुस्तक वाकडं होतं. शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी आठवडाभर घरातली रद्दी आणून दिली.

पाणी चढताना आमच्या शिपायाने सगळ्यांत आधी दाखल नोंदवह्या डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक पुन्हा विकत आणता येतं, पण आपल्याकडे काय होतं ते नोंदवहीशिवाय कसं कळणार?

आता तिथला खालचा कप्पा जमिनीपासून दीड फूट वर आहे. नवे सभासद विचारतात, एवढी जागा वाया का घालवली.

कोपरखैरण्याहून

लग्न होऊन इकडे आले तेव्हा आमच्या सेक्टरात वाचनालय नव्हतं. ठाण्याची वर्गणी चालू ठेवली. बस बदलत जायचं, त्यामुळे महिन्यातून एकच फेरी. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि मी दर शनिवारी जाऊ लागले. मला ती गाडी वाचनालयासाठीच सुरू झाल्यासारखी वाटायची.

कळव्याहून

आमचं वाचनालय पुनर्बांधणीसाठी रिकामं केलं. दीड वर्ष म्हणाले, सहा वर्षं लागली. पुस्तकं खोक्यांत, खोकी एका गाळ्यात, गाळ्यात कसर. पण माझं दुःख वेगळं आहे. माझ्या आजीने आजोबांच्या स्मरणार्थ एक काचेचं कपाट दिलं होतं. शिवणकामाचे पैसे साठवून. त्यावर पितळी पट्टी होती. नवी इमारत झाली तेव्हा लोखंडी रॅक आले आणि जुनी कपाटं भंगारात गेली होती. कपाट जाऊ दे, जुनं झालं होतं. ती पट्टी तरी काढून ठेवायची. दोन स्क्रूंचं काम होतं. ज्यांच्याकडे आत्ता इमारत पाडायची चर्चा चालू आहे त्यांनी आधी अशा पट्ट्यांचे आणि भिंतीतल्या देणगी-फलकांचे फोटो काढून घ्या.

खारेगावातून

आमची एकच खोली. वर्तमानपत्रांचे उतरते स्टँड, एक पंखा, आणि पंख्याखालच्या खुर्चीवर स्पर्धा परीक्षेची मुलं पाळीपाळीने. त्या खुर्चीवर बसून मी नोकरीला लागलो.

नौपाड्यातून पुन्हा

कोपरीच्या ताई, त्या नोंदवह्या अजून आहेत का?

कोपरीहून

आहेत. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याला ओल लागली, आतली शाई जशीच्या तशी आहे. शिपाईदादा निवृत्त झाले, तरी कपाटाची किल्ली कुठे असते ते अजून त्यांनाच विचारतात.