शब्दचर्चा : समस्थानिक, वस्तुमानांक आणि तीन अर्थांचा ‘भार’

विचारणा
‘समस्थानिक’मधलं स्थान नेमकं कुठलं? केंद्रकातली जागा का? आणि ‘क्लोरीनचा वस्तुमानांक 35.45’ असं एका टिपणात वाचलं. ही वाक्यरचना बरोबर आहे का?

उत्तर
स्थान आवर्तसारणीतलं. 1913 साली फ्रेडरिक सॉडी यांनी वापरात आणलेला ‘आयसोटोप’ हा शब्द मार्गारेट टॉड यांनी सुचवला होता. ग्रीक ‘आयसोस’ म्हणजे सम, ‘टोपोस’ म्हणजे स्थान. केंद्रकात 17 प्रोटॉन असले की घर क्लोरीनचंच, मग सोबत न्यूट्रॉन 18 असोत की 20.

शब्द नपुंसकलिंगी आहे : ते समस्थानिक, ती समस्थानिके. ‘भावंड’सारखा हा नात्याचा शब्द आहे, त्यामुळे कोणाचं ते सांगावंच लागतं. ‘37 हे समस्थानिक’ अपुरं; ‘क्लोरीन-37 हे क्लोरीनचं समस्थानिक’ पुरं.

दुसरं उत्तर
35.45 हा वस्तुमानांक नव्हे. शब्दातला ‘अंक’ पाहा : प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजले, बेरीज केली, की वस्तुमानांक. मोजदादीत अपूर्णांक येणार कुठून? शिवाय वस्तुमानांक एकेका समस्थानिकाचा असतो, मूलद्रव्याचा नाही. 35.45 हे क्लोरीनचं सरासरी अणुवस्तुमान आहे.

पूर्णांकात आणूनही चूक सुटत नाही. ब्रोमिनचं 79.90 हे ‘सुमारे 80’ धरून 80 मधून 35 प्रोटॉन वजा करतात आणि 45 न्यूट्रॉन लिहून मोकळे होतात. निसर्गातला ब्रोमिन 79 आणि 81 यांचा जवळजवळ निम्मानिम्मा असतो, म्हणजे न्यूट्रॉन 44 किंवा 46. त्यात 45 वाला अणू नाहीच.

पुरवणी, ‘भार’विषयी
माझ्या मते खरा घोळ इथे आहे. ‘अणुभार’ आणि ‘समभार’ (वस्तुमानांक सारखा, मूलद्रव्यं वेगळी; उदा. आर्गॉन-40 व कॅल्शियम-40) यांत भार म्हणजे वस्तुमान. ‘विद्युतभार’मध्ये तो प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा गुणधर्म. ‘भारित सरासरी’त भार म्हणजे गणितातलं महत्त्व. ‘भारित कण’ नुकतंच शिकलेला वाचक ‘भारित सरासरी’ वाचून विजेचा विचार करणारच! म्हणून विद्युत अर्थी ‘प्रभार’, अणूसाठी ‘अणुवस्तुमान’, आणि सरासरीसाठी ‘विपुलतेनुसार सरासरी’ लिहावं (विपुलता म्हणजे निसर्गात ते समस्थानिक किती प्रमाणात सापडतं ते). शब्द लांबतो, पण कृती त्यातच सांगितली जाते.

पुन्हा विचारणा
मग 35 × 0.7577 + 37 × 0.2423 केलं तर 35.48 येतं, 35.45 नाही. विपुलता चुकली का?

उत्तर
विपुलता बरोबर आहे. तुम्ही वस्तुमानाच्या जागी वस्तुमानांक घातलात. मोजलेली वस्तुमानं 34.969 आणि 36.966 डाल्टन आहेत (डाल्टन म्हणजे कार्बन-12 अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग). 34.969 × 0.7577 = 26.496, 36.966 × 0.2423 = 8.957, बेरीज 35.453.

उलट गणितात हीच चूक जास्त महागात पडते. 35.453 वरून क्लोरीन-35 ची विपुलता काढताना 35 आणि 37 घातले तर 77.35 टक्के येतात. खरी वस्तुमानं घातली तर (36.966 − 35.453) ÷ 1.997, म्हणजे 75.8 टक्के.

34.969 पूर्ण 35 का नाही, तेही इथेच. 17 प्रोटॉन, 18 न्यूट्रॉन आणि 17 इलेक्ट्रॉन सुटे तोलले तर 35.289 भरतात. केंद्रक बांधलं जाताना 0.320 डाल्टनइतकं वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतं. या फरकाला ‘वस्तुमानतूट’ म्हणतात. तूट म्हटलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, पण हरवलेलं काही नसतं. केंद्रक फोडून कण पुन्हा सुटे करायचे तर तेवढीच ऊर्जा परत घालावी लागते.

विचारणा करणाऱ्याकडून
टिपणातलं वाक्य असं बदललं : ‘क्लोरीनचं सरासरी अणुवस्तुमान 35.45 डाल्टन, त्याच्या दोन स्थिर समस्थानिकांचे वस्तुमानांक 35 आणि 37.’