मदत हवी आहे: बँकॉकच्या हॉटेलात ढेकूण, बुकिंग नॉन-रिफंडेबल

विश्रामबाग_सांगली: आई-बाबा बँकॉकला आहेत. खोलीला खिडकी नाही, भिंतीला ओल आणि गादीत ढेकूण. बुकिंग साइटवरून केलं, पैसे माझ्या क्रेडिट कार्डातून आधीच गेलेत. हॉटेल म्हणतं साइटशी बोला, साइट म्हणते हॉटेलशी. आज खोली सोडली तर पैसे बुडतील का?

मिरजकर: न सांगता सोडली तर बुडायचीच शक्यता जास्त, कारण 'पाहुणे स्वतःहून लवकर गेले' अशी नोंद होते. आधी पुरावा. दारावरच्या खोली नंबरापासून सुरुवात करून एकसलग व्हिडिओ घ्यायला सांगा: गादीच्या शिवणी, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, चादरीवरचे काळे ठिपके. एखादा ढेकूण चिकटपट्टीवर पकडून फोटो. साइटवरच्या खोलीच्या वर्णनाचे स्क्रीनशॉट तुम्ही आत्ताच काढा, नंतर ते बदलू शकतं.

वर्णनात बारीक अक्षरात 'खिडकी नाही' असेल तर तो मुद्दा सोडून द्या. तक्रार ढेकणांवरच उभी करा. नॉन-रिफंडेबल अट आपण मन बदललं तर लागते. खोली राहण्यालायकच नसेल तर तिच्याआड लपता येत नाही, हे ठामपणे लिहा. फोनवर नको, साइटच्या चॅटवर आणि हॉटेलला ईमेलवर: 'दुसरी खोली द्या, नाहीतर उरलेल्या रात्रींचे पैसे परत करा', आणि उत्तराची वेळ घाला. तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे, मॅनेजर घरी जायच्या आत पाठवा.

खोली बदलून दिली तर शेजारची किंवा बरोबर वरची-खालची घेऊ नका. ढेकूण भिंतीच्या फटींतून सरकतात.

विश्रामबाग_सांगली: दोघांनी नकार दिला तर?

कृष्णाकाठ: नकार लेखी घ्या आणि बँकेत 'सेवा वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली डिस्प्यूट (कार्डातून गेलेले पैसे परत मागायची तक्रार) टाका. याला मुदत असते, त्यामुळे आई-बाबा परत येईपर्यंत थांबू नका. नव्या हॉटेलचं बिल जपा. तिथं स्वाइप मशीनने रुपये की बात (थायलंडचं चलन) विचारलं तर बात निवडा. रुपयांचा दर महाग पडतो. डिपॉझिट अडवलं किंवा दमदाटी झाली तर टुरिस्ट पोलीस 1155. रिफंडसाठी मात्र त्यांचा उपयोग नाही.

इकडे ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो. मुदत 2 वर्षं, सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. साइटची भारतात कंपनी असेल तर तिलाच पक्षकार करा. परदेशातल्या हॉटेलवर आदेश बजावणं फार अवघड.

मिरजकर: सामानाचंही बघा, काकू-काकांना आत्ताच सांगा. बॅगा पलंगावर किंवा गालिच्यावर नकोत, बाथरूमच्या फरशीवर ठेवा. कपडे प्लॅस्टिक पिशव्यांत गच्च बांधून आणा, घरात न उघडता थेट 60 अंशांच्या पाण्यात धुवा. बॅग नुसती गच्चीवर उन्हात टाकून भागत नाही, आतल्या शिवणी तेवढ्या तापत नाहीत. शिवणींवरून व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका.