आंबट चेरीचा पाय : तुमचे अनुभव लिहा

मिशिगनकर

जुलै अर्धा सरला की पश्चिम मिशिगनमध्ये रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर 'पाय चेरी' असे हाताने लिहिलेले पुठ्ठे दिसायला लागतात. पाय म्हणजे अमेरिकी 'pie', मैद्याच्या कवचात फळ भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. ही काळपट गोड चेरी नव्हे, ही मॉन्टमोरन्सी जातीची आंबट चेरी. लालभडक, पातळ सालीची, नुसती चावली तर डोळे मिटायला लावणारी. अमेरिकेतली बहुतांश आंबट चेरी एकट्या मिशिगनची, तरी ताजी म्हणून ती फार लांब जात नाही. यंत्राने झाड गदागदा हलवून फळ ताणलेल्या कापडावर पाडतात आणि तिथून थेट गार पाण्याच्या टाकीत. पुढे बर्फात, डब्यात नाहीतर वाळवणात. ट्रॅव्हर्स सिटीचा मोठा चेरी महोत्सव जुलैच्या सुरुवातीलाच असतो. आंबट चेरी तोवर बऱ्याचदा पुरती पिकलेलीही नसते, पण उत्साह दांडगा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला बरं. चेरी पाय हा आंबट चेरीचाच. गोड चेरी ओव्हनमधून निघते ती निव्वळ गोड होऊन. आंबट चेरी साखर पचवूनही आपला स्वभाव सोडत नाही.

माझं प्रमाण, नऊ इंची भांड्याला : बिया काढलेली चेरी 6 कप, साखर 1 कप, कॉर्नफ्लोअर पाव कप, चिमूटभर मीठ, बदामाच्या अर्काचे दोन-तीन थेंब. अर्क वगळू नका. चेरी आणि बदाम एकाच कुळातले, चेरीच्या बीलाही तोच वास असतो. क्रस्टला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, मैदा अडीच कप, बिनमिठाचं लोणी 225 ग्रॅम, मीठ, आणि लागेल तसं बर्फाचं पाणी. आधी 425 फॅरनहाइटला वीस मिनिटं, मग 375 ला पाऊण तासापर्यंत. कडेचा रस उकळला म्हणून काढायचा नाही. मधोमध दाट, संथ बुडबुडे आले की काढायचा. कॉर्नफ्लोअर नीट उकळल्याशिवाय रस धरत नाही.

तुम्हाला कुठली चेरी मिळते, पीठ कशात मळता, रस कसा आवरता, सगळं लिहा. फोटो नसला तरी चालेल, प्रमाण हवं.

हिमफुली

आम्ही विस्कॉन्सिनला. आमची डोअर काउंटीही चेरीसाठी प्रसिद्ध आहे, मिशिगनकरांनी नोंद घ्यावी! बागेत जाऊन स्वतः तोडायची, बादलीवर पैसे द्यायचे.

पाय शिकले शेजारच्या आजींकडून. त्यांचा क्रस्ट लार्डचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा. जुन्या घरांत अजून तसाच करतात आणि खरं सांगायचं तर त्याचे पापुद्रे लोण्यापेक्षा हलके सुटतात. आमच्याकडे सासूबाई शाकाहारी, म्हणून आजींनी स्वतःहून माझ्यासाठी निम्मं लोणी, निम्मं वनस्पती शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) असं बसवून दिलं. वरून अंड्याऐवजी घट्ट दूध आणि भरड साखर. दुकानातला तयार क्रस्ट घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी पाकिटामागची यादी जरूर वाचा. लार्ड बऱ्याचदा तिथे बारीक अक्षरात असतो.

सासूबाई इथे आल्या तेव्हा लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच ठेवलेले बघून त्यांना राहवेना. "अगं, नीट चोळून तरी घे!" मी म्हटलं, चिरोट्यात तुम्ही साटा लावता, तेच काम इथे हे तुकडे करतात. लोणी ओव्हनमध्ये वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. पिठात पूर्ण चोळलं तर पापुद्रे जाऊन नानकटाईचा भुसभुशीतपणा येतो. हे त्यांना लगेच पटलं. त्यानंतर पीठ गार राहिलंय का, हे बघायला त्याच सारख्या फ्रिज उघडत होत्या.

पुणेरी_ओव्हन

धागा सुरू करणाऱ्या मिशिगनकरांच्या 'आंबटच' या हट्टाला सविनय विरोध. आम्ही भारतातल्यांनी काय करायचं? आमच्याकडे मे-जूनमध्ये काश्मीर आणि हिमाचलची चेरी येते, ती सगळी गोड जातीची. मार्केट यार्डात छोट्या खोक्यांत मिळते, भावही हंगामात जरा उतरतो.

माझा उपाय : दोन भाग चेरी, एक भाग आलुबुखार. हिमाचलचे आलुबुखार त्याच सुमारास येतात आणि त्यांच्या सालीत भरपूर आंबटपणा असतो. साल काढायची नाही, बारीक चिरायचे. साखर निम्म्यावर आणायची, वर एका लिंबाचा रस. माझी मिशिगनची भाची आली होती, तिने दुसरा तुकडा मागून घेतला, याहून जास्त मी काही म्हणत नाही.

दाटपणासाठी मी कॉर्नफ्लोअर वापरत नाही, साबुदाणा वापरतो. कोरडाच मिक्सरमधून अगदी बारीक काढायचा, चाळायचा, तीन-चार चमचे फळात मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचा. अमेरिकेत पायसाठी जो 'टॅपिओका' विकत आणतात तो कसाव्याचाच स्टार्च, आपला साबुदाणाही त्याचाच. रस काचेसारखा पारदर्शक राहतो, कॉर्नफ्लोअरचा गढूळपणा येत नाही.

लोण्याबद्दल : घरचं लोणी वापरणार असाल तर पाण्याचा अंदाज घ्या. त्यात विकतच्या बटरपेक्षा पाणी जास्त असतं, तेव्हा बर्फाचं पाणी हात आखडूनच घाला. साजूक तूप नकोच. त्यात पाणी नाही, मग वाफ कुठून येणार? मे महिन्याच्या पुण्यात पीठ मळायचं ते पहाटे, पंखा बंद करून, परात आधी फ्रिजमध्ये ठेवून. ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) खालची कॉइल चालू हवी आणि पाय तापलेल्या ट्रेवर ठेवायचा, नाहीतर वरून सोनेरी आणि तळाला कणकेचा गोळा.

वाचनमात्र

आजवर फक्त वाचत होते, आज राहवलं नाही. बिया काढायला यंत्र लागत नाही. केसाचा जाड आकडा बुचात खोचायचा, देठाच्या जागी घालून फिरवायचा, बी अलगद वर येते. हे करताना जुनी साडी नेसा. डाग निघत नाहीत.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे हंगामाची वाट बघावीच लागत नाही. 'शाटनमोरेलं' ही आंबट चेरी बी काढून काचेच्या बरणीत, वर्षभर, अगदी साध्या दुकानातही मिळते. इथले लोक तिचा केक करतात, क्रीममध्ये घालतात. वरून क्रस्टचं झाकण घातलेला अमेरिकी पाय मात्र त्यांना थोडा अनोळखी.

बरणीतल्या चेरीची पद्धत वेगळी. ती आधीच शिजलेली असते, रस सुटलेला असतो. चेरी गाळून घ्यायची, रसातला साधारण पाऊण पेला कॉर्नफ्लोअरसोबत गॅसवर दाट होईपर्यंत उकळायचा, गार करायचा, मग चेरी घालायची. रसात आधीच साखर असते, चाखूनच वाढवा. गोठवलेल्या चेरीलाही हीच पद्धत लावा. उरलेला रस सोड्यात घालून प्या, तो टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पायवर क्रस्टच्या पट्ट्यांची जाळी विणायचा कंटाळा येतो, मान्य. पण पूर्ण झाकणापेक्षा जाळीतून वाफ जास्त जाते आणि रस आटतो. झाकणच घालायचं असेल तर सुरीने चार-पाच मोठ्या चिरा द्या. टोचे मारून भागत नाही.

रानमेवा

मी सिंधुदुर्गातली. चेरी इकडे येते ती बहुतेक केकवरची लाल, गोड, रबरासारखी. ती चेरी नसतेच, करवंद असतं! कच्च्या करवंदाचा रंग काढून, पाकात मुरवून, लाल रंगवून 'चेरी' म्हणून विकतात. हे समजल्यावर मला वाटलं, मग करवंद करवंदाच्याच रूपात का नको?

एप्रिल-मेमध्ये अर्धी पिकलेली, अर्धी लालसर कच्ची अशी करवंदं घ्या. देठाशी चीक असतो, म्हणून देठ काढून पाण्यात ठेवा आणि दोनदा पाणी बदला. उभी चिरून बिया काढा, हे काम चेरीपेक्षा किचकट आहे, घरातली सगळी मंडळी बसवा. साखर चेरीपेक्षा जास्तच लागते. कच्च्या करवंदात पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारा घटक, भरपूर, त्यामुळे कॉर्नफ्लोअर अगदी नावाला. रंग असा येतो की मिशिगनकरांनीही वळून बघावं. हा चेरी पाय नाही, माहीत आहे. पण आंबटपणाच्या अटीत आम्ही पास.

मिशिगनकर

रानमेवा, पास! आणि पुणेरी_ओव्हन, आलुबुखाराच्या युक्तीनंतर माझा हट्ट निम्म्यावर आला असं समजा.

एक सांगायचं राहिलं. 2012 साली इथे मार्च महिना विलक्षण उबदार गेला, झाडं वेळेआधी फुलली आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या दंवाने मोहोर जाळला. मिशिगनचं आंबट चेरीचं सुमारे नव्वद टक्के पीक गेलं. तेव्हापासून ओळखीच्या बऱ्याच घरांत जुलैमध्ये जास्तीची चेरी बिया काढून, ताटात सुटी गोठवून मग पिशव्यांत भरतात. मीही तेच करते.

व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) दोघींनी विचारलंय म्हणून इथेच लिहिते. गरम पाय कापला तर रस वाहणारच, निदान तीन-चार तास तारेच्या जाळीवर गार होऊ द्या. आणि अख्खा पाय आधी करून ठेवायचा असेल तर न भाजता गोठवा. धातूचं भांडं घ्या, काचेचं तडकू शकतं. वितळू न देता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाका, वीसेक मिनिटं जास्त धरा. कडा आधी काळवंडायला लागल्या तर वरून फॉइल.