डिस्टॉर्शन लावलं की लोकगीत मेलं? ('आलेफबेस'च्या निमित्ताने)

षड्जपंचम:
इस्रायलच्या 'गेव्होल्ट' बँडचा 'आलेफबेस' (२०११) हा यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) गाण्यांचा मेटल, म्हणजे जड इलेक्ट्रिक गिटारवाल्या रॉकचा, अल्बम. त्यावर काल इथे एकाने निकालच देऊन टाकला: "ही हळुवार गाणी, डिस्टॉर्शन लावलं की मेली." (डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं.) हा निकाल मला अजिबात पटलेला नाही, म्हणून वेगळा धागा.

गाणं मरतं ते चुकीच्या पॉवर कॉर्डने (एक सूर आणि त्यापासूनचा पाचवा, असे दोनच सूर एकत्र). फ्रायगिश या ज्यू संगीतातल्या सप्तकाचे सूर म्हणजे आपल्या बसंत मुखारीचेच: कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी. सा, कोमल रे, म आणि कोमल नी यांवर पॉवर कॉर्ड बिनधास्त वाजवा, पाचवा सूर सप्तकातलाच मिळतो. गंधारावर वाजवलीत तर शुद्ध नी येतो, पंचमावर शुद्ध रे, कोमल धैवतावर कोमल ग. तिन्ही परके. ई हा सा धरला, तर जी शार्पच्या (गंधाराच्या) कॉर्डमध्ये डी शार्प वाजतो आणि गायक गातोय साधा डी (कोमल नी). कानाला खुपतं ते हे, आणि खापर फुटतं डिस्टॉर्शनवर. त्या तीन सुरांवर कॉर्ड सोडून एकच तार तळहाताने दाबून वाजवा (पाम-म्यूट), भांडण मिटलं.

गजवाली:
असहमत. सुरांचा हिशेब बरोबर आहे, पण क्रेख्ट्सचं काय? व्हायोलिनवर सूर संपता संपता बोट वरच्या सुराला निसटतं शिवतं आणि गज क्षणभर अडतो, तो हुंदका म्हणजेच ही गायकी. डावी-उजवीकडे दुहेरी गिटार (एकच ओळ दोनदा वाजवून घेतलेल्या) फुल गेनवर, म्हणजे डिस्टॉर्शन पूर्ण चढवून, लावल्या की १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा भरून जातो. व्हायोलिन तिथेच बोलतं. मग मिक्स करणारा व्हायोलिन वर ढकलतो, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं यंत्र) आवळतो, आणि हुंदका सपाट. राहते ती फक्त चाल.

डबलपेडल:
ताई, हा दोष मिक्स करणाऱ्याचा, शैलीचा नव्हे. दुहेरी गिटारला एकेरीइतका गेन लागतच नाही, कमी करा. अडीच ते तीन किलोहर्ट्झला गिटार दोन-तीन डेसिबल खाली घ्या. व्हायोलिनच्या कॉम्प्रेसरचा अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) २५-३० मिलिसेकंद ठेवा, हुंदक्याची सुरुवात दाबाआधी निसटते.

खरी गोची तालाची. 'तुमबालालायका' हे यिद्दिश गाणं तीन मात्रांचं आहे. ते चारात ओढलं की ओळीअखेर मात्रा रिकामी पडते, ड्रमर तिथे फिल (भरणीचे ठोके) कोंबतो आणि झोका गेला. त्यापेक्षा दोन आवर्तनं जोडून सहा मात्रा धरा: किक (पायाने वाजवायचा ड्रम) पहिलीवर, स्नेअर (कडकडीत आवाजाचा ड्रम) चौथीवर. वजनही येतं, झोकाही राहतो.

जुनी_वही:
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे 'लोकगीत, लोकगीत' करताय, यातल्या बऱ्याच गाण्यांचे कर्ते माहीत आहेत! 'ओयफन प्रिपेचिक' मार्क वार्शाव्स्कीचं. 'किंडर योर्न' गेबिर्टिगचं. क्राकोवचा सुतार, जून १९४२ मध्ये तिथल्या घेट्टोत (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) त्याला गोळी घातली. त्याच्या गाण्याखाली 'पारंपरिक' छापणं मला सहन होत नाही.

षड्जपंचम:
गोल्डफाडेनचं 'रोझिंकेस मिट मांडलेन' कुठे टाकाल? १८८० च्या ऑपेरेट्यातलं (संगीत नाटकातलं), पण जुन्या अंगाईवरून बांधलेलं. आणि 'झॉग निट केनमोल'? हिर्श ग्लिकने १९४३ मध्ये विल्नाच्या घेट्टोत शब्द लिहिले, चाल पोक्रास बंधूंच्या सोव्हिएत गाण्याची. नाझींशी लढणाऱ्या पार्टिझन (गनिमी) लोकांनी परकी चाल उचलून आपली केली. मग गिटारनेच काय घोडं मारलंय?

जुनी_वही:
म्हणून नावं पुसायची? शब्द ग्लिकचे, चाल पोक्रास बंधूंची, असं लिहायला एक ओळ लागते.

गजवाली:
ग्लिक मरणाच्या दारात लिहीत होता, इथे स्टुडिओ आहे. ही तुलना मला अपमानकारक वाटते, षड्जपंचम.

मेणनळी:
भांडण थांबवा आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. लोकगीतं गोळा करणारे आन्स्की आणि योएल एंगेल १९१२ मध्ये फोनोग्राफ घेऊन व्होलिनियाकडे (आजच्या युक्रेनमध्ये) गेले, पुढे कीव्हमध्ये बेरेगोव्स्कीने हेच काम केलं. तिथली घरगुती गाणी साथीशिवाय आहेत, बरीचशी बायकांनी गायलेली. क्लेझमर ही लग्नातली वाद्यांची परंपरा, वेगळी. म्हणजे गजवालीताई, ज्या व्हायोलिनसाठी तुम्ही भांडताय, तेसुद्धा या गाण्यांत नंतरच घातलेलं आहे.

कोकणकडा:
आपल्या बेने इस्रायलींचीही (कोकणातल्या ज्यूंची) हीच गाणी ना?

जुनी_वही:
नाही हो! यिद्दिश पूर्व युरोपातल्या अश्केनाझींची. बेने इस्रायलींची भाषा मराठी, त्यांची कीर्तनंसुद्धा मराठीत. सगळे ज्यू एकाच पोत्यात भरणं आता तरी बंद करा.

गजवाली:
मेणनळी, साथीचा मुद्दा मान्य करावाच लागतो. पण हुंदका व्हायोलिनचा नाहीच मुळी, तो गळ्यातून गजात आला. म्हणजे माझा आक्षेप आता गायकावर: ग्राउलमध्ये (मेटलच्या घोगऱ्या गुरगुराटात) गळा एका दाबावर घट्ट धरला की सूर मोडायला जागाच उरत नाही.

डबलपेडल:
कडवं साफ गळ्याने, ग्राउल फक्त धृपदाला. धृपदात शब्द तेच तेच येतात, तिथे गमावण्यासारखं थोडं.

गजवाली:
कडव्यापुरतं चालेल. गेबिर्टिगच्या गाण्यात मात्र धृपदालाही नको.