पत्र्याच्या खोलीला आतून काय लावावे: थर्माकोल की चकचकीत फॉइल?

यावलकर:
राम राम मंडळी. यावलजवळ मळ्यातल्या घरावर 10 बाय 12 फुटांची पत्र्याची खोली आहे. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की दुपारी आत थांबवत नाही. दुकानात दोन गोष्टी दाखवतात: 2 इंची थर्माकोल आणि फुगेवाली ॲल्युमिनियम शीट. कोणी म्हणते, लोखंडी पत्रा काढा, सिमेंटचा टाका. वायरिंग पत्र्याखालून लोखंडी कैचीला (छताच्या सांगाड्याला) बांधून नेली आहे, कूलर लोखंडी बॉडीचा. सुरुवात कुठून करू?

भौतिक_धुळे:
पत्रा बदलण्यात पैसे घालू नका. लोखंडाच्या मानाने सिमेंटचा पत्रा उष्णता शंभरपट कमी वाहतो हे खरे, पण तो जेमतेम 6 मिमी जाड. एवढ्या जाडीत अडणार काय?

हिशोब बघा. उन्हात पत्रा 65 अंश आणि खोली 40 अंश धरली, तर उघड्या पत्र्याखाली दर चौरस मीटरला साधारण 150 वॅट उष्णता उतरते. तुमचे छत 11 चौरस मीटर, म्हणजे दीड किलोवॉटचा हीटर डोक्यावर टांगल्यासारखे. 2 इंच थर्माकोल लावला की पूर्ण छताचा हा आकडा दीड हजारावरून 200 वॅटच्या खाली येतो. 1 इंचाने 300 च्या आसपास. थर्माकोलमध्ये बहुतेक कोंडलेली हवाच असते, काम तीच करते.

पण उष्णतेला वीज अडवल्यासारखे पक्के अडवता येत नाही. तांबे आणि पीव्हीसी यांच्या वीजवहनात एकावर वीस शून्ये एवढा फरक आहे, म्हणून मिलिमीटरभर पीव्हीसी 230 व्होल्ट रोखते. उष्णतेच्या बाबतीत तांबे आणि थर्माकोल यांच्यात फरक फक्त दहा हजार पटींचा. म्हणून तिथे जाडी लागतेच.

फॉइलचे काम वेगळे. ती तापलेल्या पत्र्याचे प्रारण (किरणांनी येणारी उष्णता) अडवते, पण त्यासाठी तिच्या चकचकीत बाजूला किमान 1 इंच मोकळी हवा हवी. पत्रा आणि थर्माकोल यांच्यात दाबून लावलेली फॉइल जवळजवळ वाया जाते, कारण ॲल्युमिनियम स्वतः उत्तम वाहक. लोक नेमके इथेच फसतात.

रावेर_केळी:
आधी वरून पांढरे करा, सर्वांत स्वस्त तेच. कळीचा चुना रात्रभर विझवून, गाळून, त्यात चिकटा घालून दोन हात मारा. चिकट्याशिवाय पत्र्यावरून पापुद्रे निघतात. पावसाने चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. वर पराट्या (कपाशीच्या काड्या) किंवा कडबा पसरू नका. सावली मिळते, पण ठिणगीने पेटतो, उंदीर होतात आणि ते वायरी कुरतडतात.

वायरमन_चोपडा:
भाऊ, फॉइल आणि थर्माकोल दोन्हीच्या आधी वायरिंग काढा. कैचीच्या कडेवर घासून वायर सोलली गेली तर कैची, पत्रा आणि फॉइल सगळ्यांत करंट उतरतो.

वायर कडक पीव्हीसी पाइपातून भिंतीवरून न्या, थर्माकोलला थेट लागू देऊ नका. वायरच्या पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोल शोषून घेतो. वायरचे आवरण कडक होऊन तडकते आणि थर्माकोलही विरघळतो. शिवाय थर्माकोलने वेढलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, ती जास्त तापते. थर्माकोल 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि पेटला की काळा विषारी धूर सोडतो. म्हणून पत्र्यापासून इंचभर सोडून बसवा, खालून जिप्सम बोर्डाने झाका. चूल किंवा गॅस असेल त्या खोलीत लावूच नका.

आता अर्थिंग. कैची, पत्रा, फॉइल आणि कूलरची बॉडी, सगळे अर्थला जोडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून (अर्थिंगच्या सळईपासून) सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा 10 ओहम झाला. फॉल्टमध्ये 23 अँपिअर वाहतील, पण 16 अँपिअरचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) एवढ्यावर पडायला तासभरही घेऊ शकतो. तोवर बॉडीत करंट. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच, तो क्षणात तोडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा, उन्हाळ्यात पाणी ओतत राहा.

यावलकर:
बोअरच्या पाण्याने कूलरला जास्त धोका असतो का? आणि रबरी चप्पल घालून हात लावला तर?

वायरमन_चोपडा:
असतो. पाण्यातले क्षारच वीज वाहतात आणि बोअरच्या पाण्यात ते भरपूर. पंपाच्या वायरीचा जोड टाकीत बुडू देऊ नका. ओल्या चपलेवर भरवसा नको, करंट फरशीऐवजी हातातून भिंतीकडेही जातो. पाणी भरताना प्लग काढा, स्विच बंद करणे पुरेसे नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर लगेच बदला.