बर्फाखालच्या ‘दहिवरा’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: डेन्व्हरच्या आमच्या मंडळातले काही जण नोव्हेंबरअखेर रॉकी पर्वतात स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद पट्टे) घालून भटकायला जाणार आहेत. सूचनांचं पान मराठीतच हवं, हा अध्यक्षांचा हट्ट. मी ‘डेप्थ होअर’पाशी (शब्दशः खोलातलं दहिवर) अडलोय. ऑक्टोबरात पडलेला पातळ बर्फ उत्तरेकडच्या उतारांवर तसाच राहतो. खाली जमीन शून्याच्या आसपास, वर रात्री उणे १५. मधल्या ४० सेंमीतून वाफ वर चढते आणि तळाशी कंगोरेदार खडे वाढतात. ते एकमेकांना धरत नाहीत. पुढच्या वादळाचा घट्ट थर त्यावर बसला की झालंच, तो घसरायला निमित्तच हवं. मी ‘तळदहिवर’ लिहिलं. बायको म्हणते, दहिवर म्हणजे दव, ते ओलं असतं. कोण बरोबर?

निफाडकर: दोघंही. आजी ओल्या गवतालाही दहिवर म्हणायची आणि कडाक्याच्या थंडीत पांढऱ्या पडलेल्या पानांनाही. दह्यासारखं पांढरं म्हणून दहिवर, सरळ आहे.

शुद्धमती: कानाला जुळलं की झाली व्युत्पत्ती! उद्या दहिसरही दह्याचंच म्हणाल. ‘तलतुषार’ करा. संस्कृतात तुषार म्हणजे हिमच.

निफाडकर: ताई, आमच्याकडे तुषार म्हणजे सिंचन. अनुदानावर मिळतं ते.

गारठा: मुळात दव काय, दहिवर काय, दोन्ही वरून ‘पडतात’ असंच आपण म्हणतो. हे तर खालच्या खाली वाढतं. मी एकदा अशा बर्फात खड्डा खणला होता. वरचा थर फावड्याला दाद देईना, तळाचा मुठीत घेतला तर गोळाच होईना, बोटांतून निसटून गेला. जाड रवाच! ‘रवाळ थर’ म्हणा आणि मोकळे व्हा. पिठीसाखर मात्र म्हणू नका, ती चिकटते.

रानवाट: ‘रवाळ’ आवडलं. पण रवाळ तूप चांगलं असतं हो, वाचून कुणी घाबरणार नाही. आणि वरच्या घट्ट थराला काय? ‘स्लॅब’ लिहिलं होतं, तर ठाण्याहून आईचा फोन, कुठल्या बिल्डिंगचा पडला म्हणून.

गारठा: लादी! एका कडेला पाय पडतो आणि अख्खी लादी सुटते, तीही बहुतेक वेळा ३० अंशांहून तीव्र उतारावर. ती सुटण्याआधी कधीकधी पायाखालून ‘धप्प’ असा आवाज येतो, तोही लिहा. तळ बसल्याचा आवाज असतो तो. ऐकला की तिथूनच मागे.

शुद्धमती: लादी बाथरूमला. आणि हिमस्खलनाच्या जागी ‘लादी सुटली’ लिहिणार का?

गारठा: स्खलन शब्दावर आमच्या वर्गात काय हसायचे ते विचारू नका. शिवाय २०१६ला सियाचीनमध्ये बर्फाची भिंत कोसळली तेव्हाही पेपरांनी हिमस्खलनच छापलं. भिंत कोसळणं वेगळं, थर घसरणं वेगळं. आपण दोन्हींना एकाच पोत्यात घालतो.

रानवाट: तळाचा थर किती कच्चा आहे ते कळायला बर्फाचा खांब ठोकून बघायची चाचणीही द्यायची आहे. ३० सेंमी चौकोनी खांब कापायचा, वर फावडं ठेवून दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. ‘टपली’ चालेल ना?

शुद्धमती: टपली डोक्यात मारतात. ‘आघात’ लिहा.

निफाडकर: मनगटातून आघात? टपलीच ठेवा. बरं, दहिवरावरून आठवलं, हरभऱ्यावर पहाटे जी आंब, म्हणजे आंबट ओल, धरते तिला कुणी दहिवर म्हणतं का? आमच्याकडे रात्री झाडांवर फडकं पसरून सकाळी पिळून घ्यायचे. पोटदुखीवर.

गारठा: आंब झाडाची स्वतःची असते, दव नुसतं त्यात मिसळतं. तुमच्याकडे फडकं सुती घेत की धोतराचं?

निफाडकर: धोतर सुतीच की हो.

रानवाट: मंडळी, पान शुक्रवारी छापायला जातंय.

शुद्धमती: ‘आंब’ अम्लावरून आलाय, तेवढं लक्षात ठेवा. नाहीतर कुणीतरी आंब्याशी जोडेल.