इंटरपोलेशन: अंतर्वेशन का प्रक्षेप?

भाचीच्या एमेस्सीच्या नोट्स मराठीत करून देतोय, शिवाजी विद्यापीठाच्या, नि इंटरपोलेशनवर (माहीत असलेल्या दोन टोकांवरून मधलं काढणं) गाडी अडलीय. बानाख अवकाशांपर्यंत (लांबी मोजता येणारे, मधे फट नसलेले सदिश अवकाश) अंतर्वेशन चाललं, पुढं कॅटेगरीत (वस्तू नि त्यांच्यातले बाण एवढंच बघणारं गणित) जायचंय, तिथं काय लिहू? प्रक्षेप कसा वाटतो?

– प्रक्षेप नको ओ दादा, पोथीत मागनं कुणी ओवी घुसडली की ती प्रक्षिप्त. अंतर्वेशन तर आपण पुरात रोज करतोय, समजा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी सहाला ३८ फूट नि दहाला ४० तर आठच्या सुमाराला ३९ची इशारा पातळी गाठली असणार. पण तुमच्या नोट्समध्ये आकडे नाहीत, दोन टोकांना दोन अख्खे अवकाश आहेत नि मधले असे बनवायचे की जो ऑपरेटर दोन्ही टोकांना आटोक्यात तो मधेही आटोक्यात राहील. रीस-थोरिनचं प्रमेय तेच सांगतं. वेशन म्हणजे शिरणं, इथं कोण कुठं शिरतंय?

– शब्द रुळलाय, राहू दे की. ‘अवकाशांचं अंतर्वेशन’ लिहा, मिटलं. असा मधला अवकाश बनवायला पीत्रे या गणितज्ञाचा के-फंक्शनल बघा, गुळाचे थोडे रवे एसटीनं, उरलेले टेम्पोनं, टेम्पोचा दर टी पट, कशी वाटणी केली तर सगळ्यात स्वस्त पडंल एवढाच हिशोब. त्याला बेरीज नि मोजमाप पुरतं, म्हणून तर पीत्रे आणि स्पार यांनी १९७२ ला तो नॉर्मवाल्या आबेली ग्रुपपर्यंत (नुसती बेरीज नि मोजमाप असलेल्या रचना) नेला. मधला अवकाश काढायची दुसरी रीत म्हणजे काल्देरोनची १९६४ची कॉम्प्लेक्स पद्धत, ती मात्र बानाख सोडून क्वासी-बानाखमध्ये (जिथं त्रिकोण-असमता ढिली असते) गेलं की अडखळते, मॅक्सिमम प्रिन्सिपल (कडेवरची मर्यादा आतही लागू हा नियम) तिथं सगळीकडं टिकत नाही.

– आणि कॅटेगरीत गेल्यावर दोन अवकाशांचा छेद म्हणजे पुलबॅक, बेरीज म्हणजे पुशआउट (छेद नि बेरीज यांचीच बाणांच्या भाषेतली नावं), नि जोडी दिली की मधला अवकाश काढून देतो तो फंक्टर, म्हणजे एका कॅटेगरीतनं दुसरीत नेणारा नियम. आरोनशाइन नि गागलियार्दो या गणितज्ञांनी १९६५ लाच फंक्टरच्या भाषेत मांडलंय हे. म्हणजे ‘अंतर्’ खरं, वेशनाचं काय ते तुम्ही बघा. फंक्टरला मराठी शोधू नका, हात जोडतो.

– बरं, अंतर्वेशन ठेवतो. मग कॅटेगरीला वर्ग?

– वर्ग म्हणजे स्क्वेअर, नाहीतर शाळेतली खोली. कोशात प्रवर्ग सापडंल.

– प्रवर्ग नको. भाची जातपडताळणीचा दाखला जोडून आणंल.